उदासीनीकरण

"आम्लावर आम्लारी टाकली की दोघांचाही जोर संपतो. हेच उदासीनीकरण," असं धाड गावाकडच्या एका शाळेत भागवत सर दरवर्षी दहावीला शिकवत. यंदा पालकसभेला प्रज्ञाची आई रेणुकाबाई हाताला पट्टी बांधून आली.

"संडास धुताना हातावर ॲसिड सांडलं, सर. मी नळाकडं पळाली, पण प्रज्ञानं अडवलं मले. सरायनं शिकवलं हाये म्हणे. डबीतला सारा चुना चोळला तिनं. तुमच्यामुळं हात वाचला."

चुन्यानं आणखी भाजतं, आधी भरपूर पाणीच ओतायचं असतं, हे सरांनी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं. आईमागं उभी प्रज्ञा शाबासकीची वाट पाहत होती.

"शाब्बास," सर कसंबसं म्हणाले, पण तिच्याकडं पाहणं त्यांना जमलं नाही.