याचा तरी येईल

"तुझ्या आईचं तेल खवट झालंय गं. भाजी टाकली की जिन्यापर्यंत वास येतो. एकदा येऊन बघ," शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं होतं. तेव्हा लेक हसण्यावारी नेऊन म्हणाली होती, "काकू, आई नाकावर माशी बसू देत नाही, खवट तेल खपवून घेईल होय?"

खवट तेल हाच तर लेकीचा धंदा. हवा लागून तेलं, सुकामेवा कसा बिघडतो, ते ती प्रयोगशाळेत तपासायची. यंत्राच्या आधी तिचं नाक सांगायचं. ते नाक आईकडूनच आलेलं.

आज ती ढब्बूला, तिच्या तान्ह्या लेकाला, घेऊन आली. काकूंचं मन राखायला वाटेत तेलाची नवी बाटलीही घेतली. दारात चपला काढतानाच तो खवट वास तिच्या नाकात गेला.

आईने हौसेने बरणी पुढे केली. "अक्रोड. तुझ्यासाठी राखलेत. आज येशील, उद्या येशील म्हणून रोज झाकण उघडून बघते, किडले तर नाहीत ना."

रोज झाकण, रोज नवी हवा. लेकीने चावलेला तुकडा तसाच हातात काढून घेतला. आई मजेत चघळत होती. "चांगले आहेत की! तुला मेलीला नावं ठेवायची सवयच."

मग लेकीने प्रयोगशाळेत करतात तेच केलं. नव्या बाटलीतलं तेल दोन वाट्यांत ओतलं, आईच्या तेलाच्या बरणीतलं तिसरीत.

"यातली वेगळी कुठली, वास घेऊन सांग."

"परीक्षा घेतेस होय आईची? यासाठी शिकवलं तुला?"

आई एकेका वाटीवर वाकली. पुन्हा वाकली. मग तिची नजर वाट्यांवरून उठली आणि लेकीच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागली. असं होतं म्हणूनच प्रयोगशाळेत वाट्या मांडणारा समोर थांबत नाही. लेक खिडकीकडे वळली.

मागून जोराने हुंगल्याचा आवाज आला.

तिने वळून पाहिलं. वाट्या तशाच होत्या. आईने ढब्बूला उचललं होतं आणि त्याच्या टाळूला नाक लावून ती श्वास ओढत होती. खोल, आणखी खोल, दम लागेपर्यंत. गुदगुल्या होऊन ढब्बू खिदळत होता.

"मागे तो ताप आला ना, तेव्हापासून," आई म्हणाली. "तेलाचं काय घेऊन बसलीस? याचा तरी येईल वाटलं होतं."

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"गॅस सुटला तरी मला कळायचं नाही. सांगितलं असतं तर याला कधी माझ्याजवळ एकट्याला सोडलं असतंस?"

आईने ढब्बूला तिच्यापुढे धरलं.

"सांग ना गं, कसा येतो? दुधाचा?"

लेकीने टाळूवर नाक टेकवलं. वासांना नावं देण्याचाच ती पगार घेते. त्या क्षणी तिला एकही सुचलं नाही.

आता भेटेल त्याला ती एवढंच सांगते: तुमची आई एकटी राहत असेल तर आज जाऊन या. बरी आहेस ना, असं विचारू नका. बरी आहे असंच म्हणेल. तिच्यासमोर बसून एक संत्रं सोला. आणि ती काही बोलते का, बघा.