खिशातला काळा दोरा

आठवण पुसणाऱ्या यंत्राखालून मंदाकिनी सिस्टर उठल्या, तेव्हा त्यांना अगदी हलकं वाटत होतं.

"ऑपरेशनचा तास पुसला. आता कीर्तनाला जायला मोकळ्या!" तंत्रज्ञ म्हणाला.

त्या हसल्या. खिशात हात गेला, तर काळा दोरा लागला. ऑपरेशनआधी बाळाच्या मनगटावरचा दोरा त्या सोडून ठेवत आणि नंतर स्वतःच्या हाताने परत बांधत. हा बांधायचा राहिला होता. म्हणजे बाळ गेलं होतं.

बाहेर आई उभी होती. "सिस्टर, तुम्ही जवळ होतात ना? बाळ रडलं का हो शेवटी?"

सिस्टरांना बाळाचा चेहरासुद्धा आठवेना. त्यांनी दोरा पुढे केला. "नाही हो. मी कानात विठ्ठलाचं नाव घेत होते. शांत झोपला तुमचा राजा."

"सिस्टर," आई म्हणाली, "मुलगी होती माझी."