जिवंत की मयत

"सिगारेट?" आहार आणि आयुष्याच्या पाहणीसाठी आलेल्या मुलीने विचारलं.

"छे!" राखदाणी पायाने सोफ्याखाली सरकवत भालेराव म्हणाले. "सकाळी आवळ्याचा रस, दोन्ही वेळा पालक, चार किलोमीटर चालणं." आणि तिच्या फॉर्मखाली झोकात सही ठोकली.

स्वयंपाकघरात भजी तळणाऱ्या निर्मलाबाईंनी गॅस बंद केला. नवऱ्याने सही करून सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी त्याचा शब्द खाली पडू दिला नाही. भालेरावांनी दहा वर्षं पालक गिळला.

दहा वर्षांनी तीच मुलगी पुन्हा आली, कोण जगलं, कोण गेलं ते टिपायला. फॉर्मवर दोन चौकोन होते, 'जिवंत' आणि 'मयत'.

भालेराव आता शहाणे झाले होते. स्वयंपाकघराकडे तोंड करून ते ओरडले, "लिहून घे! रोज कांदाभजी, दोन सिगारेटी, आणि चालणं खुर्चीपासून पलंगापर्यंत! आण इकडे, सही करतो!"

निर्मलाबाई आवळ्याच्या रसाचा पेला घेऊन बाहेर आल्या.

"ते म्हणतात तस्संच लिही गं," त्या मुलीला म्हणाल्या, "आणि 'मयत'वर खूण कर."