पाचवं नाव

वडील, वर्लिन, जाऊन तीन आठवडे झाले, तेव्हा लोर्नाला त्यांच्या फोनमध्ये एक नंबर सापडला. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्यावर फोन, अर्धा-अर्धा तास, आणि तोही आई चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलेली असायची नेमका तेव्हा. नंबरापुढे नाव नव्हतं. तिने आईला काही विचारलं नाही. गुरुवारी आईची गाडी वळणाआड गेल्यावर तिने त्याच फोनवरून तो नंबर लावला आणि बाईचा आवाज ऐकायची तयारी केली.

"अहो वर्लिन, होतात कुठे तीन गुरुवार?" एक पुरुष हसत म्हणाला. "आपल्या रेडिओ कार्यक्रमाचे श्रोते खोळंबलेत. आपल्या कॉलेजचे आजवरचे पाच सर्वश्रेष्ठ बास्केटबॉल खेळाडू. तुमची पहिली चार नावं अख्ख्या इंडियाना राज्याला पाठ आहेत. पाचवं आजही तुमच्या मुलीचंच का? अहो, सबंध मोसमात ती पोरगी अकरा मिनिटं खेळली. बाकी वेळ बाकावर."

लोर्नाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी त्यांची मुलगीच बोलतेय," ती म्हणाली. "माझी एकही मॅच पाहायला ते आले नव्हते. दुकान सोडता येत नाही म्हणायचे."

पलीकडचं हसू थांबलं.

"शेवटच्या रांगेत, खांबाआड बसायचे ते, बाई. तुम्हाला दडपण येऊ नये म्हणून. ती अकराच्या अकरा मिनिटं दर गुरुवारी आम्हाला सांगतात."