पान नव्वदची तळटीप

[पान नव्वद, तळटीप: खोडलेल्या आणि नव्या वाक्याचा अर्थ एकच. पहिलं का खोडलं, कळत नाही. टीसेन.]

"ते 'ऐका' बटण काढून टाका," प्रोफेसर टीसेन म्हणाले. "तत्त्वज्ञाचं हस्तलिखित पाहायचं असतं. ऐकायला तो काय रेडिओ आहे?"

त्या तत्त्वज्ञाच्या हस्तलिखितांचं नवं संकेतस्थळ उद्या जर्मनीतल्या हालेच्या विद्यापीठात खुलं होणार होतं. ते तपासणारी आल्मुट जन्मांध होती. पान वाचून दाखवणारं ते बटण गेलं, की तिच्यापुरती सगळी पानं बंद.

"काढते," ती म्हणाली. "आधी पान नव्वद मोठ्यानं वाचा. दोन्ही वाक्यं."

"मी बालवाडीत आहे का?"

"वाचा हो, प्रोफेसर. उद्घाटनाचा केक कुठं पळून जात नाही."

खोडलेलं वाक्य वाचताना टीसेन दोनदा अडखळले. नवं मात्र एका श्वासात वाहत गेलं. त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग उभं राहून, शेजारच्या खोल्यांत ऐकू जाईल असं.

"अगं, हा तर कानानं खोडत होता!"

"दुसरं कशानं खोडणार? आयुष्याच्या शेवटी त्याची दृष्टी गेली होती. तो सांगायचा, बहीण लिहायची, मग त्याला वाचून दाखवायची. तुमच्याच प्रस्तावनेत आहे." आल्मुट हसली. "हे पान त्यानं कधी पाहिलंच नाही. माझ्यासारखं ऐकलं. काढू बटण?"

[पान नव्वद, सुधारित तळटीप: पहिलं वाक्य का खोडलं? ऐका. आल्मुट रीके आणि टीसेन.]