तांब्यातला उशीर

"इथून सगळं जातंय, पण पलीकडे निव्वळ कचरा पोचतोय," रातोमिर म्हणाला. कंपनी त्याची, टेबलावरचा सर्किट बोर्डही त्याच्याच खर्चाचा. "दुन्या, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या बाबांचं, विदोयेकाकांचं शेवटचं काम फसलं. हा बोर्ड रद्द करू, दुसऱ्या कुणाकडून नव्यानं आखून घेऊ."

"करा," दुन्या म्हणाली.

तिला वाईट वाटतच नव्हतं. बाबा जिन्यात कोसळले ते गेलेच. चाळिसाव्या दिवशी गेलेल्याच्या नावानं वाटतात ते शिजवलेले गहू वाटून झाले, अर्धं निश शहर गळ्यात पडून रडलं. हिच्या डोळ्यात टिपूस नाही. बाई दगड आहे, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही इतकंच.

बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा बाबा आखायचे, चिप चालवणारा प्रोग्रॅम दुन्या लिहायची. गिगाबिटच्या, म्हणजे वेगवान नेटवर्कच्या जोडणीत माहितीसोबत वेळेचा ठोका धावतो. तो अंमळ मागून पोचावा लागतो, नाहीतर पलीकडची चिप माहिती बदलता बदलताच उचलते आणि सगळा विचका होतो. हा उशीर द्यायचं काम दुन्याचं. ती हमखास विसरायची. मग बोर्ड कारखान्यातून आला रे आला की बाबांचा फोन, "काय गं वेंधळे, ठोका मागे ठेवलास का?"

या वेळी फोन आला नाही. तरी तिनं आठवणीनं उशीर दिला होता. म्हणजे चूक बाबांचीच. टाकून देण्याआधी एकदा बघावं म्हणून तिनं बोर्डाचा नकाशा उघडला. वरून सगळं नीट होतं. आतला थर उघडला, तर ठोक्याची वाट नागमोडी वळणं देऊन मुद्दाम लांबवलेली. उशीर तांब्यातच दिलेला! एक बाबांचा, वर एक तिचा. दोन्ही मिळून ठोका पार भरकटला होता.

तिनं प्रोग्रॅममधली आपली उशिराची ओळ खोडली. पलीकडे माहिती जशीच्या तशी पोचली.

"अरे वा! पण हे काय नवीन?" रातोमिर खुर्ची ओढत म्हणाला. "काका कधी वाट लांबवायचे नाहीत. जागा वाया जाते म्हणून माझ्याशी भांडायचे. याच बोर्डाला का?"

दुन्यानं पडद्यावरच्या त्या वळणांवरून बोट फिरवलं. ती तिला धूसर दिसायला लागली.

"बोर्ड येईल तेव्हा फोन करायला आपण नसू," ती म्हणाली, "हे बाबांना ठाऊक होतं."