वीस अंश

पंखाच्या हलत्या पट्टीला लावलेला कोनमापक पंचेचाळीस अंश दाखवत होता. मुलीने तो आकडा वीसवर आणला.

बाबांचं रिमोटवर उडणारं विमान टेबलाच्या दोन्ही बाजूंना पंख पसरून बसलं होतं. आत स्वयंपाकघरात बाबांच्या हातातली कपबशी खुळखुळत होती. वर्षभर हे असंच चाललं होतं. औषधं सुरू होती, पण बसल्या जागी उजवा हात थरथरायचा तो थरथरायचाच. म्हणून ती त्यांना चहा अर्धा कपच ओतायची आणि वर "जास्त चहा बरा नाही" असं ठणकावून सांगायची.

याच हाताने बाबा एके काळी विमानाला हवेत असं काही नाचवायचे, की बघणाऱ्यांच्या माना अवघडायच्या. आज ते वर्षभराने पुन्हा विमान उडवणार होते. "हवेत थरथरलं, तर रिमोट कायमचा खाली ठेवला म्हणून समज," असं त्यांनी काल जेवताना सांगून टाकलं होतं. बाबा एकदा बोलले की संपलं.

रिमोटवर एक खटका होता. तो वर केला की पंखांच्या आणि शेपटीच्या पट्ट्या पूर्ण वळायच्या. खाली केला की जेमतेम. खालच्या बाजूला बाबा "नवशिक्यांची सोय" म्हणायचे आणि तिच्या वाटेला जायचे नाहीत. मुलीने आज वरच्या बाजूचे पंचेचाळीस अंश तसेच ठेवले आणि खालची बाजू वीस अंशांवर बसवली. त्याच बाजूसाठी रिमोटच्या दांड्याही मधोमध इतक्या सुस्त केल्या, की बोटांची थरथर विमानापर्यंत पोचूच नये. मग गुपचूप खटका खाली करून ठेवला.

मैदानावर बाबा विमानाच्या मागे जाऊन उभे राहिले. पुढून पाहिलं की डावं-उजवं उलटं होतं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी दांडी डावीकडे नेली, उजवीकडे नेली. पट्ट्या लाजल्यासारख्या हलल्या. मुलीने खटक्यावरची नजर काढून घेतली.

"छान बसवल्यात," बाबा म्हणाले.

तिला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. पूर्वी त्यांच्या नजरेतून एका अंशाचा फरक सुटत नसे.

विमान उठलं. एक गिरकी, एक कोलांटी, मग आखल्यासारखी सरळ रेघ. थरथर कुठेच नाही.

"अरे, हा गडी तर अजून तोच आहे!" त्यांचा जुना मित्र लंबू ओरडला. मुलीने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तेवढ्यात विमान खाली आलं, त्याने नाक आभाळाकडे केलं आणि ते गवताच्या हातभर वर, शेपटीवर उभं राहिलं. हवेत. पुढचा पंखा गुरगुरत होता आणि विमान जागचं हलत नव्हतं. शेपटीच्या पट्ट्या पार टोकापर्यंत वळून त्याला तोलून धरत होत्या. लंबूने डोक्यावरची टोपी काढली. 

पार टोकापर्यंत?

 वीस अंशांवर विमान असं उभं राहूच शकत नाही. तिने बाबांच्या हातांकडे पाहिलं. खटका वर होता. तिने घातलेल्या मऊ गादीतलं काहीही आता शिल्लक नव्हतं. बोट एकदा जरी थरथरलं असतं, तरी विमान गवतात गेलं असतं. बाबांची बोटं भराभर, बारीक बारीक हलत होती आणि त्यांत थरथर नावालाही नव्हती. त्या बोटांइतकं सुंदर काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिला रडू आवरेना.

विमान उतरलं. बाबांनी रिमोट तिच्याकडे दिला आणि रिकामा झालेला हात पुन्हा थरथरू लागला. दोघं गाडीपाशी जाऊन बसली. तिने सवयीने थर्मासमधून चहा ओतला.

"खटका कधी वर केलात?"

"जमीन सोडली तेव्हाच." बाबांनी कपासाठी हात पुढे केला. "चहा अर्धा ओततेस, तेव्हाही कळतं मला, ठमे."

तिने थर्मास पुन्हा उघडला आणि कप काठोकाठ भरला.